बहात्तर तासांचा आकडा

फाटकावर फोटो लावला तेव्हा कर्नलना कुणी विचारलं नव्हतं. रुजू व्हायच्या दिवशी सकाळी पावणेआठला ते गाडीतून उतरले आणि समोर बघतात तर स्वतःच उभे. दहा फूट उंच, पूर्ण गणवेशात, छातीवर पदकांची ओळ, आणि खाली लाल अक्षरांत लिहिलेलं, ‘आता आमचा सेनापती हा!’ कर्नल आयुष्यात कधी सेनापती नव्हते. सैन्यात आपल्या हुद्द्यापेक्षा एक चांदणी जास्त लावली तर कोठडी दाखवतात. पहारेकऱ्यानं आधी फोटोकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि दोघांत सलाम कुणाला करावा या विचारात त्याचा हात अर्ध्यावरच राहिला.

“तो वरचा खरा,” कर्नल म्हणाले. “मी त्याचा चुलतभाऊ.”

पाटीच ती, उतरवायला सांगू, असं त्यांना वाटलं. सांगितलंही. जाहिरातीचं बघणाऱ्या माणसानं वहीत लिहून घेतलं. पाटी पावणेदोन वर्षं जागची हलली नाही.

माणूस तसा साध्या घरातला. वडील पोस्टमन, आई घरी शिलाई करायची. चार भावंडांत हा मधला, अंगानं किरकोळ, आणि धावण्यात मात्र कुणाच्या हाती न लागणारा. विसाव्या वर्षी सैन्यात गेला तेव्हा वडिलांनी एवढंच सांगितलं की, बूट मापाचे घे, मोठे घेऊ नकोस, पायाला फोड आला की देशभक्ती आठवत नाही. एकतीस वर्षं नोकरी झाली. बायको शाळेत गणित शिकवायची. अकरा बदल्या, अकरा घरं, अकरा शाळा. प्रत्येक नव्या शाळेत पहिल्या दिवशी तिला खालचा वर्ग देत आणि सहा महिन्यांत वरचा. आणि वरचा मिळाला की बदलीचा कागद येई.

पदकाची हकिकत कर्नल स्वतः कधी सांगत नसत. उंचावरची एक चौकी होती, साठ माणसांची. बाकीचे खाली उतरले होते, वर यायची वाट मधेच तुटली, आणि त्या वेळी वर होते फक्त एकोणीस. त्या एकोणिसांनी ती तीन दिवस धरली. चौथ्या दिवशी दुपारी कुमक पोचली. पंधरा जण उतरले. चार उतरले नाहीत. पदकाबरोबर जो कागद आला त्यावर छापलं होतं, ‘अत्यल्प मनुष्यबळात अतुलनीय धैर्य’. ते पदक बायकोच्या कपाटात कपड्यांच्या घड्यांखाली पडून असे. वर्षातून एक दिवस कर्नल दार लावून चार घरांना फोन करत, आणि त्या दिवशी बायको दारावरच्या पाहुण्यालाही परत पाठवी.

निवृत्तीनंतर सहाच महिन्यांत पंपाच्या कारखान्याचं बोलावणं आलं. थोरल्या मालकांनी एका पत्र्याच्या खोलीत एका लेथवर धंदा सुरू केलेला. आता त्याची लोखंड वितळवून ओतायची ओतशाळा होती, यंत्रशाळा होती, रंगाची शेड होती. थोरले थकले होते, कारभार पुतण्या बघायचा. त्याला सगळे धाकटे मालक म्हणत. तो बाहेर शिकून आलेला, बोलायला लोण्यासारखा. त्यानं कर्नलना सांगितलं की आम्हाला यंत्रं चालवणारे ढिगानं मिळतात, माणसं चालवणारा मिळत नाही. कर्नल खूश होऊन घरी आले.

“त्यांना तुम्ही पाहिजे आहात की तुमची छाती?” बायकोनं विचारलं.

“छाती माझ्याबरोबरच येते.”

“तेच म्हणते मी. ती घरी ठेवून जातो म्हणावं, मग बघा बोलावतात का.”

पहिलं वर्ष मात्र सोन्यासारखं गेलं. ओतशाळेत एकशे चार माणसं होती. वाळूचे साचे करणारे, भट्टीवाले, पंपाच्या पोटातली पोकळी राखायला वाळूचे गाभे घडवणाऱ्या बायका, ओतीव माल झाडूनघासून साफ करणारे. तिथली दर चौथी ओतीव पोटात बुडबुडा घेऊन निघायची आणि पुन्हा भट्टीत जायची. तज्ज्ञ येऊन गेले होते, वाळू बदलली होती, कोळसा बदलला होता. कर्नलनी काही बदललं नाही. ते आठवडाभर फक्त पाळी बदलताना जाऊन उभे राहिले. त्यांना दिसलं ते असं: भोंगा झाला की जाणारे एका दारानं जातात, येणारे दुसऱ्या दारानं येतात, आणि आज वाळू किती ओली आहे हे ज्याच्या बोटांना माहीत असतं तो बोटं घेऊन घरी जातो.

मग त्यांनी दहा मिनिटांची सोपवणी सुरू केली. जाणाऱ्यानं आणि येणाऱ्यानं साच्यापाशी समोरासमोर उभं राहायचं, एकानं सांगायचं, दुसऱ्यानं तेच परत म्हणून दाखवायचं. आधी सगळी ओतशाळा हसली. सगळ्यांत जास्त हसला भट्टीतात्या. अठ्ठावीस वर्षं भट्टीसमोर उभा, भुवया कधीच जळून गेलेल्या, त्यामुळे तो रागावला आहे की हसतो आहे हे आवाजावरूनच ओळखावं लागे.

“साहेब, मी बायकोलासुद्धा एक गोष्ट एकदाच सांगतो,” तो म्हणाला.

“आणि ती ऐकते?”

“नाही.”

“मग दोनदा सांगून बघा.”

दोन महिन्यांत चारात एक खराब निघणारी ओतीव अकरात एक झाली. भट्टीतात्या हसायचा थांबला. कर्नलची आणखी एक खोड होती. जवान जेवल्याशिवाय अधिकाऱ्यानं जेवायचं नाही, या सवयीनं ते कँटीनमध्ये सगळ्यांच्या शेवटी ताट घेत. त्यावरून वाढणाऱ्या मावशींनी त्यांना भर कँटीनमध्ये झापलं. तुम्ही शेवटी जेवता म्हणून तुमच्यापुरतं राखून ठेवावं लागतं, पातेलं घासायला मला उशीर होतो, तुमच्या मोठेपणापायी माझी बस चुकते, पहिल्या पंगतीत बसा मुकाट्यानं. कर्नल पहिल्या पंगतीत बसू लागले. माणसं त्यांच्या ताटाशेजारी ताट ठेवू लागली. तीस वर्षांत जे हुकमानं मिळालं नव्हतं ते इथं मावशींच्या झापण्यानं मिळालं, असं ते घरी सांगत.

आणि मग तो कागद झाला.

धाकट्या मालकांनी एक दिवस सहज म्हणून विचारलं की समजा रस्ते बंद पडले, तापाची साथ आली, निम्मी माणसं पोचलीच नाहीत, तर कमीत कमी किती जणांत ओतशाळा तग धरेल? तुमच्याइतकं हे कुणाला सांगता येणार? कर्नलच्या अंगात जुनं वारं शिरलं. असले हिशेब म्हणजे त्यांच्या हातचा मळ. अकरा दिवस त्यांनी त्यावर घालवले. शेडचा नकाशा काढला, कोण कुठून कुठं किती पावलं चालतो ते मोजलं. सात पानं झाली. तिसऱ्या पानावर तक्ता, त्यात गाभ्यांपुढं शून्य, तळाला आकडा: एकसष्ट. चौथ्या पानावर अटी: हा आकडा जास्तीत जास्त बहात्तर तासांसाठी, नवीन काम हाती घ्यायचं नाही, भट्टीतलं तेवढं संपवायचं, कुणाला सुट्टी नाही, भट्टीवरच्या माणसाला दर दोन तासांनी बदलायचं, बहात्तर तासांनंतर भट्टी विझवायची, कारण त्यापुढे माणूस चुकतो, आणि ओतशाळेत माणूस चुकला की जळतो. सैन्यातल्या रिवाजाप्रमाणे त्यांनी प्रत्येक पानाखाली पूर्ण सही केली, तारीख घातली, तीन प्रती केल्या, एक घरी ठेवली.

या अकरा दिवसांत त्यांनी ओतशाळेतल्या एकाही माणसाला काही विचारलं नाही. असले अंदाज जवानांना विचारून करायचे नसतात. उगाच मनं हलतात. हे त्यांना इतकं पाठ होतं की आपण विचारत नाही आहोत हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

चार महिन्यांनी वरच्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत बैठक बसली. थोरले मालक टोकाला, दोन्ही बाजूंना विभागांचे प्रमुख, भिंतीवर पडदा. धाकटे मालक उभे राहिले आणि पडद्यावर कर्नलचा फोटो आला, फाटकावरचाच. धाकट्यांनी चौकीची हकिकत सांगायला घेतली. कुठून मिळवली देव जाणे, वर्तमानपत्रातून असेल. चांगली सांगितली, मधे थांबून, आवाज खाली आणून. साठ माणसांची चौकी. एकोणीस माणसं. तीन दिवस.

“साठ जणांचं काम एकोणीस जणांनी केलं,” धाकटे म्हणाले. “आणि आपण म्हणतो, माणसं कमी पडतात.”

खोलीत कुणीतरी कौतुकानं जीभ टाळ्याला लावून चक् केलं. कर्नलना आधी कळलंच नाही की आपले कान तापले आहेत. ते बसूनच म्हणाले, “त्यातले चार खाली आले नाहीत.”

धाकट्यांनी मान खाली घातली, एक श्वास घेतला आणि म्हणाले, त्या चौघांच्या त्यागाला आपण सगळे सलाम करू या. आणि खोलीनं टाळ्या वाजवल्या. विक्रीचा प्रमुख तर उभं राहून वाजवत होता. मेलेल्या चार माणसांच्या नावावर, वातानुकूलित खोलीत, बिस्किटांच्या बशीसमोर टाळ्या. त्यातल्या एकाला वर पोचल्यापासून दाढ दुखत होती आणि तीन दिवस तो त्याबद्दलच कुरकुरत होता. दुसरा न विचारता दुसऱ्याचे मोजे घालायचा. ही माणसं होती. त्यांना या लोकांनी पडद्यावरची ओळ करून टाकलं होतं.

टाळ्या संपायच्या आत पुढचं चित्र आलं. कर्नलच्या सातांपैकी एकच पान, तिसरं. तक्ता, तळाला एकसष्ट, त्याखाली त्यांची ठसठशीत सही. एकशे चार वजा एकसष्ट. त्रेचाळीस माणसं जास्त. धाकट्यांनी समजावलं की हा आकडा कुणा हिशेबनिसाचा नाही, रणांगणावर माणसं मोजलेल्या माणसाचा आहे. आणि ओतशाळेत ही गोष्ट कर्नलसाहेबांनीच सांगावी, कारण सोनारानंच कान टोचलेले बरे.

कर्नल म्हणाले की चौथं पान कुठं आहे. हा आकडा बहात्तर तासांचा आहे.

“साहेब, तीन दिवस चालतं म्हणजे चालतं,” धाकटे हसून म्हणाले. “तीनशे दिवस म्हणजे काय? तेच तीन दिवस शंभर वेळा.”

हे त्यांनी घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती वह्या तपासत होती. निवृत्त झाली तरी शेजारपाजारच्या मुलांच्या वह्या तिच्याकडे येतच. तिनं चष्मा काढला. म्हणाली, माणूस एक मिनिट श्वास रोखून धरू शकतो, मग त्याच हिशेबानं साठ मिनिटं धरायला काय हरकत आहे? त्या पोराला माझ्या सातवीच्या वर्गात पाठवा. मग चष्मा पुन्हा लावत ती म्हणाली, “अहो, बंदूक ठेवायला खांदा हवा होता त्यांना. तुमचा तर सवयीचा.”

कर्नलना राग येत नसे अशी त्यांची ख्याती होती. ते खरं नव्हतं. राग ते लिहून काढत. त्या आठवड्यात त्यांनी थोरल्या आणि धाकट्या दोघांना पत्र लिहिलं. मोजून नऊ ओळी. तक्ता अटींशिवाय वापरता येणार नाही, त्रेचाळीस जणांना काढण्याचा विचार मागे घ्यावा. आणि शेवटची ओळ: शुक्रवारी दुपारी बारापर्यंत आपलं काही वेगळं म्हणणं न आल्यास, आपण सहमत आहात असं धरून मी ओतशाळेला तसं कळवीन. सैन्यात या ओळीला वजन असतं. वेळ देऊन विचारलं आणि वरून उलट शब्द आला नाही, म्हणजे पुढं चला. तिथं गप्प राहणारा जबाबदार ठरतो.

शुक्रवारी बारा वाजले. सव्वाबारा वाजले. शब्द आला नाही. उलट थोरले मालक जिन्यात भेटले आणि हसून पुढं गेले. दुपारी पाळी बदलताना, सोपवणीच्या वेळी दोन्ही पाळ्या समोर असताना, कर्नल भट्टीपाशी उभे राहिले. कुजबुज तोवर खाली पोचलेली होतीच. गाभे करणाऱ्या बायका आठवडाभर धड जेवत नव्हत्या. कर्नलनी आवाज न चढवता सांगितलं की अशी एक यादी होती. ती आता नाही. कुणी घरी जाणार नाही. हा माझा शब्द.

एकशे चार माणसांत एकानंही टाळी वाजवली नाही. कर्नलना ते फार बरं वाटलं. माणसं कामाला लागली, मावशींनी त्या दिवशी त्यांच्या ताटात विचारल्याशिवाय दुसऱ्यांदा वाढलं.

सोमवारी सकाळी ओतशाळेच्या दाराशेजारी काचेच्या पेटीत दोन कागद लागले. एकावर त्रेचाळीस नावं. दुसऱ्यावर तिसरं पान, तक्ता, एकसष्ट, सही. नावांत सोळावा भट्टीतात्या, कारण वय जास्त. गाभे करणाऱ्या बायकांपैकी तर नऊच्या नऊ. ते काम बाहेरून करून घेता येईल असं शेवटी बारीक अक्षरांत.

कर्नल जिना दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. धाकटे मालक फोनवर होते. त्यांनी बोटानं बसा म्हणून खुणावलं. कर्नल बसले नाहीत. फोन संपल्यावर धाकट्यांनी खरोखरच नवल वाटल्यासारखं विचारलं की तुम्ही खाली जाऊन असलं काही बोललातच कसं, तुम्हाला कुणी होकार दिला होता? कर्नलनी पत्र पुढं केलं. शुक्रवारी बारापर्यंत आपण काही कळवलं नाही.

“उत्तर दिलं नाही म्हणजे होकार?” धाकटे म्हणाले. “साहेब, उत्तर दिलं नाही याचा अर्थ विषय तुमच्या पातळीचा नाही, एवढाच.”

थोरले मालक कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. कर्नल त्यांच्याकडे वळले. या माणसानं एका लेथवर बोटं कापून घेत धंदा उभारला होता, याला तरी कळेल. थोरल्यांनी कागद लांब धरून वाचला आणि शांतपणे विचारलं की सही तुमचीच आहे ना? मग आम्ही खोटं काय केलं? तीच गोष्ट कर्नलना खाऊ लागली. खोटं काहीच नव्हतं. आकडा खरा, सही खरी, पदक खरं, चौकी खरी. एवढा सगळा खरेपणा गोळा करून या लोकांनी त्याच्यातून जे रांधलं ते मात्र विष.

त्या दुपारी ते ओतशाळेत गेले. कुणी काम थांबवलं नाही, कुणी खुर्ची दिली नाही. घण पडत होते, वाळू चाळली जात होती. भट्टीतात्यानं जाळीचा चष्मा कपाळावर चढवला आणि त्यांच्याकडे बघत राहिला. भुवया नसलेला चेहरा, त्यावरून काही कळेना. पण आवाज आला तेव्हा कळलं.

“शब्द दिला होता ना साहेब? आमच्यात शब्द देणारे पुष्कळ येऊन गेले. पण ते पुढारी होते. त्यांच्यावर आमचा विश्वासच नव्हता, म्हणून फसलो नाही.”

कर्नल पत्राचं सांगू लागले, बारा वाजेपर्यंतची मुदत, उलट शब्द आला नाही. सांगता सांगताच त्यांना ते ऐकू येत होतं, आणि ऐकायला ते किती पोकळ होतं. तात्या मान हलवून पुन्हा भट्टीकडे वळला.

घरी येऊन कर्नलनी राजीनामा लिहिला. तोही नऊ ओळी. बायकोनं वाचला, शुद्धलेखनाची एक चूक काढली आणि परत दिला. म्हणाली, खुशाल द्या. ते हार घालतील, फोटो काढतील, तुमच्या शिस्तीबद्दल चार शब्द बोलतील. तुम्ही सुटाल. पण तो कागद तिथंच राहील, तुमच्या नावानं त्रेचाळीस माणसं बाहेर काढत. “तुम्ही सुटून काय उपयोग? तो आकडा सुटायला हवा.”

राजीनामा खणात गेला. माणसांना काढायला कामगार अधिकाऱ्याची परवानगी लागत होती आणि त्याच्यापुढं सुनावणी होती. कंपनीनं साक्षीला कर्नलचं नाव दिलंच होतं. सोनाराचा हात अजून त्यांना हवा होता. आदल्या दिवशी धाकट्यांनी बोलावून चहा दिला आणि कंपनीच्या वकिलाकडून काय काय विचारलं जाईल, काय काय सांगायचं, याचा कागद हातात ठेवला. कर्नलनी तो वाचला आणि परत दिला. म्हणाले, मी येईन, पण हे सांगायला नाही. धाकट्यांचा लोण्याचा आवाज तेव्हा प्रथमच कडक झाला. नीट विचार करा म्हणाले. उद्या तुम्ही तिथं वेगळं काही बोललात, तर परवा फाटक उघडणार नाही. कर्नल म्हणाले की फाटकावर मी आहेच, आत नसलो तरी तुमचं भागेल.

कामगार अधिकाऱ्याचं कार्यालय म्हणजे एक लांबट खोली. छताला पंखे, भिंतीशी फायलींचे गठ्ठे, एका बाजूला कंपनीसाठी गादीच्या चार खुर्च्या, दुसऱ्या बाजूला कामगारांसाठी एक लाकडी बाक. अधिकारी बाई होत्या, पन्नाशीच्या, सर्दी झालेल्या. दर दोन वाक्यांमागे रुमाल नाकाला लावायच्या. कर्नल आत आले आणि वकिलानं शेजारच्या खुर्चीवर थाप मारली. कर्नल बाकाकडे गेले. बाकावर दाटीवाटीनं सातजण होते. कुणी सरकेना. टोकाला गाभे करणाऱ्या बायकांतली थोरली बसली होती, सगळे तिला अक्का म्हणत. तिनं आपली पिशवी शेजारून उचलून मांडीवर घेतली, तीही नाइलाजानं, आणि तोंड दुसरीकडे केलं. कर्नल एवढ्याशा जागेत अर्धे बसले, अर्धे पायांवर तोललेले.

वकिलानं तिसरं पान दाखवून विचारलं की ही सही आपलीच ना. कर्नल हो म्हणाले. हा आकडा आपणच काढला ना. हो म्हणाले. कुणी दबाव आणला होता का. नाही म्हणाले. वकील समाधानानं बाईंकडे वळला.

कर्नलनी घरची प्रत काढली, सातही पानं, आणि बाईंच्या टेबलावर ठेवली. वकील तत्काळ म्हणाला की ही पानं नंतर लिहून जोडली नाहीत कशावरून. बाईंनी रुमालाआडून कर्नलकडे पाहिलं. कशावरून?

“कागदावरून नाही सांगता येणार,” कर्नल म्हणाले. “मी सांगतो, शपथेवर. एकसष्ट हा वेढा पडलेल्यांचा आकडा आहे. माझ्या एकोणिसांसारखा. त्या आकड्यावर मी तीन दिवस काढले आणि चार माणसं घालवली. चौथी रात्र काढावी लागली असती तर सगळीच घालवली असती. त्याबद्दल मला पदक मिळालं. पण वेढा उठल्यावर तिथं पुन्हा साठ माणसं पाठवली, मूर्ख नव्हते ते. या लोकांना कुणी वेढलेलं नाही बाई. यांनी स्वतःच्याच माणसांना वेढा घातलाय, आणि वर मला म्हणतात, तुम्हाला सवय आहे, तुम्ही सांगा.”

वकील म्हणाला की हे भाषण झालं, पुरावा नव्हे. बाई म्हणाल्या, असेल, पण मी लिहून घेतलंय. त्यांनी सातही पानं वाचली. चौथ्या पानावर त्या जरा जास्त थांबल्या. ‘माणूस चुकला की जळतो’ या ओळीखाली त्यांनी पेन्सिलीनं रेघ ओढली. मग धाकट्या मालकांना विचारलं की या अटींपैकी तुम्ही कोणत्या पाळणार आहात? दर दोन तासांनी भट्टीवरचा माणूस बदलणार? नवीन काम घेणार नाही? धाकटे म्हणाले की या तांत्रिक बाबी आहेत, उत्तर लेखी देऊ. बाईंनी शिंक दिली आणि सांगितलं की मग लेखी द्या, तोवर एकही माणूस कामावरून कमी करायचा नाही, पुढची तारीख तीन आठवड्यांनी. त्या तारखेला मला दोन्ही बाजूंकडून एकच गोष्ट हवी: रोजच्या कामाला, वर्षाचे बाराही महिने, माणसं किती लागतात.

बाहेर व्हरांड्यात येईपर्यंत कर्नलच्या फोनवर निरोप आला होता. उद्यापासून येऊ नये, सामान घरी पोचतं केलं जाईल. त्यांनी तो वाचून फोन खिशात टाकला. जिन्याच्या पायऱ्यांवर ओतशाळेची माणसं उभी होती. कुणी आभार मानले नाहीत. ते काही जिंकले नव्हते; तीन आठवडे मिळाले होते, आणि तेही हक्काचेच.

भट्टीतात्या पुढं आला. म्हणाला की आत बोललात ते बरं बोललात. पण एक विचारायचं राहिलंय, गेले चार दिवस घशात अडकलंय.

“अकरा दिवस तुम्ही आमच्यातून वही घेऊन फिरत होतात. पावलं मोजत होतात माझी. मी म्हटलं, साहेबाला नाद असेल. एकदा तरी विचारायचं होतंत की तात्या, तू नसलास तर काय होईल. का नाही विचारलंत?”

कर्नलच्या तोंडावर आलं होतं की असे अंदाज विचारून करत नसतात. ते त्यांनी गिळलं. धाकट्या मालकांवर चार दिवस ज्या रागानं ते जळत होते त्यातला बराचसा घराचा पत्ता चुकलेला होता, हे त्यांना त्या पायरीवर उभं राहून कळलं. त्या पोरानं त्यांचं चौथं पान फाडलं खरं. पण सातही पानांत या माणसांचा एक शब्द नव्हता. ते पान फाडणाऱ्याला मोठीशी मेहनत पडलीच नव्हती.

“नाही विचारलं,” ते म्हणाले. “विचारायचं असतं हे माहीत नव्हतं.”

तात्या म्हणाला, तीन आठवड्यांनी त्या बाई विचारणार, खरा आकडा किती. तुम्ही काय सांगणार?

कर्नलनी खिशातून वही काढली आणि ते पायरीवर बसले, धुळीतच. विचारलं की भट्टीपासून सुरू करू या का. तात्या शेजारी बसता बसता सांगू लागला की भट्टी पेटते पहाटे, पण तिचं काम आदल्या दिवशीच सुरू होतं, ते आधी लिहा.

“थांब रे तात्या,” अक्का वरच्या पायरीवरून म्हणाली. ती खाली उतरली, पिशवी बाजूला ठेवली आणि कर्नलच्या समोर येऊन बसली. आत बाकावर फिरवलेलं तोंड आता सरळ त्यांच्याकडे होतं, आणि त्याच्यात माफी कुठंही नव्हती. “आम्हा नऊ जणींशिवाय चालतं असं लिहिलं होतंत ना? मग आमच्यापासूनच सुरू करा. वाळू चाळण्यापासून सांगते. आणि घाईनं लिहू नका, मी पुन्हा सांगणार नाही.”